खानापूरच्या जंगलात काम शिकायला जाताना

पदवीच्या वर्गातला एखादा विद्यार्थी ‘मला निसर्ग संवर्धनात काम करायचे आहे’ असे सांगत येतो, तेव्हा मी त्याला आधी एकच प्रश्न विचारतो: तू तिथे रोज काय नोंदवणार आहेस? याचे उत्तर ठरलेले नसेल तर प्रशिक्षणाचा महिना जीपमधून हिंडण्यात, वृक्षारोपणाच्या फोटोंत आणि साहेबांची वाट पाहण्यात सरतो आणि हाती शिक्का मारलेला एक कागद तेवढा उरतो. उत्तर ठरलेले असेल, मग ते पाणथळीवर उतरणाऱ्या पक्ष्यांची संख्या असो, रोपवाटिकेत रुजलेल्या बियांची मोजदाद असो की गव्यांनी तुडवलेल्या भाताच्या वाफ्यांची नोंद असो, तर त्याच महिन्यात तो असे एक काम शिकतो, जे पुढे कोणत्याही वनपरिक्षेत्रात किंवा संशोधन प्रकल्पात त्याला आपणहून दिले जाते. पुढील मजकूर बेळगाव, खानापूर, हल्याळ आणि जोयडा या भागांतील मराठी मुलामुलींना समोर ठेवून लिहिला आहे.

जागा कशी निवडावी

या भागात जंगल म्हटले की भीमगड अभयारण्याचे नाव आधी निघते आणि ते साहजिकही आहे. २०११ साली घोषित झालेले हे सुमारे १९० चौरस किलोमीटरचे जंगल पश्चिमेला गोव्याच्या म्हादई अभयारण्याला भिडलेले आहे. म्हादई नदी याच परिसरात देगावजवळ उगम पावते. गवे, अस्वले, सांबरे, बिबटे आणि अधूनमधून पट्टेरी वाघही या जंगलात वावरतात. तरीही पहिलेच प्रशिक्षण भीमगडमध्ये मागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दाट जंगलात नवख्याला दिवसभर चालूनही प्राणी दिसत नाहीत, खुणा वाचता येत नाहीत आणि आठवडाभरात उत्साह मावळतो.

त्यापेक्षा गोकाक तालुक्यातील धुपदाळजवळचे घटप्रभा पक्षी अभयारण्य शिकण्यासाठी कितीतरी सोयीचे आहे. १९७४ मध्ये घोषित झालेल्या या सुमारे ३० चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात उघडे पाणी, नदीतली बेटे आणि काठावरची झाडी आहे. हिवाळ्यात पांढरे करकोचे आणि कांड्या करकोचे येतात. पक्षी समोर बसलेले असल्यामुळे आज मोजलेला थवा उद्या पुन्हा मोजता येतो, आपली चूक आपल्यालाच कळते आणि मोजणी म्हणजे काय हे हाताला वळण लागेपर्यंत करता येते. दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेला जोडून जर तेथे तीन-चार आठवडे मिळाले, तर जाणत्या पक्षीनिरीक्षकांबरोबर उभे राहून शिकण्याची संधी आपोआप साधते.

वन विभागाच्या रोपवाटिकांकडे विद्यार्थी फिरकत नाहीत, कारण तेथे रोमांच नसतो. मला मात्र ते नुकसानीचे वाटते. जांभळाचे बी फळातून काढल्यावर थोड्याच दिवसांत पेरले नाही तर ते रुजण्याची ताकद गमावते, कोकमाचेही तसेच आहे. उलट सागाच्या फळाला आळीपाळीने भिजवून आणि उन्हात वाळवून जागे करावे लागते. या गोष्टी पुस्तकात एका ओळीत असतात, पण दोनशे पिशव्यांत स्वतः बी लावून किती उगवले हे लिहून ठेवणाऱ्याला त्या कायमच्या समजतात. भुतरामनहट्टी येथील राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालयात पशुवैद्यकाच्या आणि प्राणिपालकांच्या हाताखाली आहार व वर्तनाच्या नोंदी शिकता येतात. पशुवैद्यकीय किंवा प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तो पर्याय पाहावा. जोयडा-हल्याळकडच्यांना काळी नदीच्या नावाचे दांडेलीचे व्याघ्र राखीव क्षेत्र जवळ आहे, परंतु तेथील नियम भीमगडइतकेच कडक आहेत.

अर्ज आणि परवानगी

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याच्या २७व्या कलमानुसार अभयारण्यात कोणालाही मनाप्रमाणे शिरता येत नाही. अभ्यास, संशोधन किंवा छायाचित्रणासाठी प्रवेश द्यायचा झाल्यास तो २८व्या कलमाखाली मुख्य वन्यजीव संरक्षकांच्या अधिकारात येतो आणि हे कार्यालय बंगळुरात आहे. त्यामुळे अभयारण्यातील कामासाठी किमान तीन महिने हाताशी ठेवूनच अर्ज करावा. प्रादेशिक वन विभागाची रोपवाटिका किंवा अभयारण्याबाहेरचे काम हवे असेल, तर बेळगावच्या उपवनसंरक्षकांकडे महाविद्यालयाच्या प्राचार्यांमार्फत अर्ज देणे हा साधा मार्ग आहे. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना, म्हणजे आपण ज्यांना आर. एफ. ओ. किंवा रेंजर म्हणतो त्यांना, त्याची प्रत स्वतः नेऊन द्यावी आणि दोन मिनिटे बोलावे. पोस्टाने गेलेला कागद आणि समोर उभा असलेला माणूस यांत फरक पडतोच.

अर्ज एका पानाचा असावा. त्यात कामाचा कालावधी, रोजचे तास, कोणती नोंद घेणार, ती कोणत्या स्वरूपात विभागाला देणार आणि महाविद्यालयातील कोणते शिक्षक जबाबदार आहेत, एवढे लिहावे. निसर्गावरच्या प्रेमाचा परिच्छेद गाळावा. अर्ज कन्नडमध्ये लिहावा, निदान इंग्रजीत तरी. माझ्या विद्यार्थीदशेत मी असा पहिला अर्ज शुद्ध, सुवाच्य मराठीत लिहून एका कार्यालयात दिला होता आणि दीड महिन्याने गेलो तेव्हा तो जसाच्या तसा टेबलाच्या खणात पडलेला होता. सीमाभागातल्या भाषेच्या प्रश्नावर ज्याचे जे मत असेल ते असो, ज्याला आपला अर्ज वाचला जावा असे वाटते त्याने तो वाचणाऱ्याच्या भाषेत लिहावा.

दोन भाषांचा उपयोग

खानापूरच्या पश्चिमेकडील गवाळी, पास्टोली, तळेवाडी, आमगाव, हेम्माडगा या गावांतले लोक घरात मराठी किंवा कोकणी बोलतात, तर वन विभागाच्या नोंदवह्या कन्नडमध्ये आणि संशोधकांचे अहवाल इंग्रजीत असतात. तिन्हींच्या मधोमध उभे राहू शकणारा मुलगा किंवा मुलगी प्रकल्पाला हवीच असते आणि आपल्याकडच्या मुलांना ही गोष्ट पुरेशी उमगत नाही. बीटवरच्या, म्हणजे नेमून दिलेल्या गस्तीच्या हद्दीतल्या, वनरक्षकाने आने, करडी, चिरते, हुली असे शब्द उच्चारले की हत्ती, अस्वल, बिबट्या, वाघ हे क्षणात डोक्यात यावेत, इतपत तयारी जाण्याआधीच करावी. वनरक्षकाशी मोडकी का होईना पण कन्नड बोलावी. तो सोबत घेऊन फिरला तरच जंगल कळते आणि त्याच्याइतके ते दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते.

गावातील मुलाखतींचे काम वाट्याला आले तर विशेष काळजी घ्यावी, कारण सर्वाधिक चुका येथे होतात. ‘वाघ आला होता’ असे सांगणारा शेतकरी बहुतेक वेळा बिबट्याविषयी बोलत असतो. आपल्याकडे दोघांनाही वाघच म्हणण्याची रीत आहे. म्हणून अंगावर पट्टे होते की ठिपके, हे विचारल्यावाचून नोंद करू नये, आणि विचारताना दोन्ही पर्याय समोर ठेवावेत. ‘पट्टे होते ना?’ असे विचारले की होकारच येतो. तारीख विचारून उपयोग होत नाही. गणपतीच्या आधी की नंतर, भात पोटरीत होते की कापणीला आले होते, असे विचारले की घटना आठवड्याच्या अचूकतेने लागते. नुकसान शेतकऱ्याने सांगितलेल्या पोत्यांवरून न लिहिता शेतात जाऊन वाफे मोजावेत. भरपाई मिळवून देण्याचे आश्वासन चुकूनही देऊ नये. ते तुमच्या हातात नसते आणि तुम्ही गेल्यावर त्याचा राग पुढच्या विद्यार्थ्यावर निघतो.

शिकण्यासारखी कामे

देशातील वाघांची गणना दर चार वर्षांनी होते. तिच्या पहिल्या टप्प्यात प्रत्येक बीटमध्ये मांसभक्षी प्राण्यांच्या खुणांसाठी एकूण १५ किलोमीटर वाटा चालतात, तृणभक्षी प्राण्यांसाठी दोन किलोमीटरची सरळ रेषा आखून तीवरून चालतात आणि नोंदी एम-स्ट्राइप्स या मोबाइल ॲपवर भरतात. गणनेचे वर्ष नसले तरी ही पद्धत वनरक्षकाकडून शिकून घ्यावी. रेषेवर चालताना प्राणी दिसला की त्याचे अंतर आणि कंपासवरचा कोन ताबडतोब लिहावा लागतो. संध्याकाळी आठवून भरलेली वही आणि जागेवर भरलेली वही यांतला फरक अनुभवी माणसाला पहिल्या पानावरच दिसतो. उन्हाळ्यात जाळरेषा, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे, साफ करणे आणि उपग्रहाकडून आलेल्या वणव्याच्या सूचनेची जागेवर खात्री करणे हेही काम असते, परंतु आग विझवायला विद्यार्थ्याने जाऊ नये, मग सोबतचे कितीही आग्रह करोत.

भीमगडमधील बारापेडे गुहांविषयी थोडे सांगायला हवे, कारण प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला तेथेच जायचे असते. राऊटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ या जातीचे वर्णन १९१३ साली या परिसरातील नमुन्यांवरून झाले आणि पुढे अनेक दशके ती जगात फक्त येथेच असल्याचे मानले जात होते. नंतर मेघालयात आणि कंबोडियातही ती आढळली. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, तिला स्थान आहे. गुहेत शिरणे, टॉर्च मारणे किंवा गोंगाट करणे यांमुळे वटवाघळे मुक्काम सोडतात, म्हणून परवानगी असलेल्या अभ्यासकाखेरीज कोणीही आत जाऊ नये. हाच न्याय सापांना लागू आहे: कायद्याच्या व्याख्येत पकडणे ही शिकारच आहे, त्यामुळे प्रशिक्षणात साप धरून काढलेला फोटो हा गुन्ह्याचा पुरावा ठरू शकतो.

जाण्याआधीची तयारी

जून ते सप्टेंबर या काळात कणकुंबी-आमगावकडे क्षेत्रकाम जवळजवळ अशक्य असते. पाऊस कोसळतो, ओढ्यांवरून रस्ते बंद होतात आणि मोबाइलला रेंज नसते. नोव्हेंबर ते मार्च हा काळ धरावा. मात्र हिवाळ्याच्या अखेरीपासून जंगलात गोचीड वाढतात आणि शेजारच्या उत्तर कन्नडमध्ये, गोव्याच्या सत्तरीत व सिंधुदुर्गच्या दोडामार्गात गोचिडांच्या चाव्यातून होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळलेले आहेत. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पँट मोज्यांत खोचावी, पालापाचोळ्यावर बसू नये, परतल्यावर अंग तपासावे आणि मेलेले माकड दिसले तर हात न लावता कळवावे. सर्पदंशावरची आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांसाठी असते. घाटातल्या चापडा जातीच्या विषारी सापांवर ती चालत नाही. तेव्हा बूट वापरावेत, फांदी बघून धरावी आणि जवळचे सरकारी रुग्णालय किती तासांवर आहे हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे.

बहुतेक प्रशिक्षणांत मानधन नसते. प्रवास, जेवण आणि राहणे कोणाकडे, अपघात विमा कोण उतरवणार, हे प्राचार्यांच्या पत्रात लेखी असावे. मुलींच्या बाबतीत मुक्कामाची जागा पालकांनी आधी प्रत्यक्ष पाहून यावी. एकटीऐवजी दोघींनी मिळून अर्ज केला तर घरचा होकारही लवकर मिळतो. एखादी खासगी मंडळी प्रशिक्षणासाठी भरमसाट शुल्क मागत असतील, तर तेथे कोणती नोंद घेतली जाते आणि ती कोण वापरते, एवढे विचारावे. उत्तर गोलमाल आले तर ती सहल समजावी.

शेवटचा आठवडा नव्या कामात घालवू नये. मूळ वहीच्या छायाप्रती काढाव्यात, आकडे तक्त्यात भरावेत, सापडलेल्या दोन-चार ठळक गोष्टी एका पानावर कन्नडमध्ये लिहून, मित्राकडून तपासून घेऊन, वनपरिक्षेत्र कार्यालयात पोहोच घेऊन द्याव्यात. ज्या गावांत मुलाखती घेतल्या त्या गावांतही मराठीत तेवढेच पान वाचून दाखवावे. प्रमाणपत्र मागायचे ते त्यानंतर, आणि त्यावर कामाचे तास व नोंदीचा विषय लिहून घ्यावा. ‘सहभाग घेतला’ एवढेच असेल तर नम्रपणे दुसरे मागावे.