क्लॅप्टनचा ‘वुमन टोन’ घरी कसा काढाल

गिटारवादक एरिक क्लॅप्टनच्या क्रीम या रॉक बँडच्या १९६७ च्या ‘सनशाइन ऑफ युअर लव्ह’मधल्या सोलोचा तो जाड, गोल आवाज, म्हणजेच ‘वुमन टोन’, मला सगळ्यात प्रिय. क्लॅप्टनकडे गिब्सनची गिटार आणि मार्शलचा अँप होता. तुमची हंबकरवाली (तारांचं कंपन टिपणारा दोन कॉइलचा पिकअप असलेली) कुठलीही गिटार चालेल.

नेक पिकअप, म्हणजे गिटारच्या मानेजवळचा, निवडा. अँपचा गेन (आवाज फाटवणारा नॉब) भरपूर चढवा, गिटारचा व्हॉल्यूम १० वर. आता गिटारवरचा टोनचा नॉब थेट शून्यावर आणा. बरेच जण घाबरून ३ वरच थांबतात. थांबू नका! अगदी शेवटच्या टप्प्यात टोनच्या नॉबला जोडलेला कपॅसिटर आणि पिकअपची कॉइल मिळून खालच्या पट्टीला उठाव देतात आणि तार ‘ऊ’ म्हणू लागते. गढूळ वाटलं तर अँपचा बास उतरवा, ट्रेबल वाढवा. टोनच्या नॉबला हात लावू नका. स्वर सावकाश हलवत लांबवा.