व्हिडिओ कॉलवर अंतर कसं राखावं
एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ साली माणसांमधली अंतरं मांडली: साधारण ४५ सेंमीच्या आत फक्त जिवलग, कामापुरती ओळख १.२ मीटरच्या पलीकडे. स्क्रीनभर पसरलेला चेहरा मात्र थेट नाकासमोर आल्यासारखा वाटतो, म्हणून अवघडायला होतं. आधी कॉलची विंडो लहान करा. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, हातभर लांब ठेवा. खांदे दिसलेच पाहिजेत. लॅपटॉप मांडीवर असला की नाकपुड्या दिसतात आणि तुम्ही समोरच्यावर वाकल्यासारखे वाटता. खाली चार जाड पुस्तकं ठेवली की काम झालं. स्वतःचा चेहरा सतत दिसत असेल तर तो लपवा. आणि कॉल लावण्याआधी ‘आता बोलता येईल का?’ एवढं विचाराच. न विचारता लावलेला व्हिडिओ कॉल म्हणजे दार न वाजवता खोलीत शिरणं.