जीडीबीच्या ‘कॅच सिसकॉल’ सुविधेची स्वयंचलित चाचणी कशी लिहावी

जीडीबी या डीबगरमध्ये, म्हणजे दुसरा प्रोग्रॅम थांबवून तपासणाऱ्या साधनात, लिनक्ससाठी ‘कॅच सिसकॉल’ ही आज्ञा ऑक्टोबर २००९ मध्ये आलेल्या ७.० या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. चालू प्रोग्रॅमने कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, एखादे काम मागितले (या मागणीला सिस्टिम कॉल म्हणतात) की तो प्रोग्रॅम त्या क्षणी थांबवायचा, आणि ते काम आटोपून ताबा परत येताना पुन्हा एकदा थांबवायचा, एवढेच तिचे काम आहे. वापरणाऱ्याला ती सोपी वाटते, परंतु तिची चाचणी लिहायला घेतल्यावर कर्नल, सी लायब्ररी, प्रोसेसर आणि डीबगर या चौघांचे वागणे नीट माहीत असावे लागते. नाशिकमध्ये गंगापूर रोडला रविवारी जमणाऱ्या आमच्या अभ्यासगटात कोणी महाविद्यालयातून निवृत्त झालेला ३२-बिट संगणक वापरतो, कोणी अंबडच्या कारखान्यातल्या कामासाठी घेतलेला ६४-बिट एआरएम बोर्ड आणतो, तर बाकीच्यांकडे नेहमीचे ६४-बिट लॅपटॉप असतात. एकच चाचणी या तिन्हींवर चालवायची असेल, तर ती पहिल्या ओळीपासूनच त्या हिशेबाने लिहावी लागते. पुढे आज्ञा आणि संदेश उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत; टर्मिनलवर ते अर्थातच रोमन लिपीत टंकावेत.

माझ्या मते या संपूर्ण कामाचे मुख्य सूत्र एकच आहे: डीबगरने जे सांगितले तेच बरोबर धरून चाचणी लिहू नये. अपेक्षित उत्तर चाचणीकडे आधीपासून, डीबगरखेरीज दुसऱ्या मार्गाने आलेले असले पाहिजे.

कर्नल नेमके काय सांगतो

लिनक्सवर जीडीबी पीट्रेस या सिस्टिम कॉलच्या साहाय्याने दुसऱ्या प्रोसेसवर (चालू असलेल्या प्रोग्रॅमवर) नियंत्रण ठेवतो. पीट्रेसला ‘पुढच्या सिस्टिम कॉलपर्यंत चालू दे’ असे सांगितले की कर्नल त्या प्रोसेसला कॉलच्या प्रवेशावर थांबवतो आणि डीबगरला सिगट्रॅप हा संकेत मिळतो. ब्रेकपॉइंटसाठीही, म्हणजे कोडमधील ठरवलेल्या ओळीवर थांबण्यासाठीही, सिगट्रॅपच येत असल्यामुळे दोन्हींत गल्लत होऊ नये म्हणून एक पर्याय ठेवलेला आहे. तो चालू केला की सिस्टिम कॉलच्या थांब्यावर संकेताच्या ५ या क्रमांकात १२८ मिळवले जातात आणि डीबगरला १३३ हा आकडा दिसतो. एवढे करूनही हा थांबा प्रवेशाचा आहे की परतीचा, हे त्या आकड्यावरून कळत नाही. पंचवटीतील बाजार समितीच्या फाटकावर गाडी आत जाताना आणि बाहेर पडताना एकच घंटा वाजत असेल, तर आतल्या माणसाला स्वतःच नोंद ठेवावी लागेल. जीडीबीचीही प्रत्येक थ्रेडच्या बाबतीत तीच स्थिती असते. थांब्याची दिशा थेट सांगणारी पीट्रेसची विनंती लिनक्स ५.३ मध्ये, म्हणजे २०१९ साली, आली. परंतु जुन्या कर्नलवर चालणाऱ्या यंत्रांवर ही नोंद डीबगरनेच ठेवायची असते. या सुविधेतले सर्वांत अवघड दोष याच नोंदीत लपलेले असतात, म्हणून चाचणीचा मोठा भाग तिच्यावरच खर्च करावा.

चाचणीसाठीचा छोटा प्रोग्रॅम

पकडायचे कॉल करणारा सी भाषेतला एक लहान प्रोग्रॅम आधी लिहावा. त्यातील कॉल असे निवडावेत की ते नेमके केव्हा आणि किती वेळा होतील हे आपल्याला पक्के ठाऊक असेल, आणि सी लायब्ररी ते आपल्या नकळत करणार नाही. जीडीबीच्या स्वतःच्या चाचणीसंचातील प्रोग्रॅम या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. त्यात फाइल बंद करणाऱ्या क्लोजला उणे एक हा अवैध फाइल-क्रमांक दिला जातो आणि प्रोसेसचे मूळ फोल्डर बदलणाऱ्या सीएचरूटला चालू फोल्डरचा टिंब दिला जातो. हे कॉल अयशस्वी झाले तरी चालते, कारण चाचणीला त्यांचा परिणाम नको असून त्यांचे कर्नलमध्ये जाणे आणि परत येणे तेवढे हवे असते. सामान्य वापरकर्त्याला सीएचरूटची परवानगी नसते आणि तेच इष्ट आहे. चाचणी रूट म्हणून चालवली तर तो कॉल यशस्वी होईल, प्रोसेसचे मूळ फोल्डर बदलेल आणि त्यानंतर दुसरा प्रोग्रॅम सुरू करणारी पायरी विनाकारण कोलमडेल. त्यानंतर एक पाइप (एका टोकाने लिहून दुसऱ्या टोकाने वाचायची वाहिनी) उघडून त्यात आधी लिहावे आणि मग त्यातून वाचावे. हा क्रम पाळला म्हणजे रीड हा कॉल वाट पाहत अडकून राहत नाही.

काही कॉल मुद्दाम टाळावेत. ग्लिबसी या लिनक्सवरील नेहमीच्या सी लायब्ररीचे ओपन हे फंक्शन २.२६ या आवृत्तीपासून आतून ओपनॲट हा कॉल करते. फोर्क हे फंक्शन प्रत्यक्षात क्लोन करते. वेळ विचारणारे गेटटाइमऑफडे ६४-बिट इंटेलवर सहसा व्हीडीएसओमधूनच (कर्नलने प्रोसेसच्या स्मृतीत ठेवलेल्या छोट्या लायब्ररीतूनच) उत्तर देते आणि कर्नलमध्ये जातच नाही, त्यामुळे त्यावर लावलेला कॅचपॉइंट, म्हणजे ‘कॅच सिसकॉल’ने ठरवलेला थांबा, कधीच लागणार नाही आणि दोष डीबगरचा आहे असा गैरसमज होईल. प्रिंटएफचेही तसेच आहे: त्याचा राइट हा कॉल आउटपुट कुठे जाते त्यानुसार ओळीच्या शेवटी किंवा थेट प्रोग्रॅम संपताना होतो.

क्रमांक कुठून घ्यावेत

प्रत्येक सिस्टिम कॉलला कर्नल एका क्रमांकाने ओळखतो. क्लोजचा क्रमांक ६४-बिट इंटेलवर ३, ३२-बिट इंटेलवर ६ आणि ६४-बिट एआरएमवर ५७ आहे. चाचणीत ३ हा आकडा थेट लिहिला, तर ३२-बिट यंत्रावर क्लोजऐवजी रीड पकडला जाईल. ५७ लिहिला, तर नेहमीच्या लॅपटॉपवर तो फोर्कचा क्रमांक ठरेल. म्हणून क्रमांक चाचणीच्या स्क्रिप्टमध्ये लिहूच नयेत. सी प्रोग्रॅममध्येच प्रत्येक कॉलसाठी एक पूर्णांक व्हेरिएबल ठेवून त्यात सिस्टिमच्या हेडरमधील स्थिरांक भरावा आणि प्रोग्रॅम मेन या सुरुवातीच्या फंक्शनपर्यंत आल्यावर स्क्रिप्टने त्या व्हेरिएबलचे मूल्य वाचावे. जीडीबी नावांचे क्रमांक स्वतःच्या एक्सएमएल फायलींतून घेतो, तर आपले क्रमांक कंपायलरने त्या यंत्राच्या हेडरमधून घेतलेले असतात. हे दोन स्रोत वेगळे असल्यामुळेच त्यांच्या तुलनेला अर्थ येतो. ६४-बिट एआरएमवर पाइप आणि (नवी मूल प्रोसेस निर्माण करणारा) व्हीफोर्क हे कॉल अस्तित्वातच नाहीत. तेथे पाइप हे फंक्शन पाइप-टू हा कॉल करते. म्हणून हेडरमध्ये स्थिरांक आहे की नाही हे पाहूनच त्या ओळी कंपाइल होतील अशी अट घालावी.

परिसराची तयारी

जीडीबीचा चाचणीसंच डेजाग्नू या चाचण्या चालवणाऱ्या चौकटीवर चालतो आणि स्क्रिप्ट टिकल भाषेत, एक्स्पेक्ट या टर्मिनलवरील संवाद आपोआप चालवणाऱ्या साधनाच्या आधाराने लिहिलेल्या असतात. बिल्ड फोल्डरमधील जीडीबीच्या उपफोल्डरात जाऊन ‘मेक चेक’ या आज्ञेला टेस्ट्स या व्हेरिएबलमधून आपल्या फायलीचा मार्ग दिला की तेवढीच चाचणी चालते. कोणी पायथनमधून स्वतंत्र स्क्रिप्ट लिहीत असेल, तर डेजाग्नू निमूटपणे करतो ती तयारी त्याने स्वतः करावी: उंची आणि रुंदी शून्य करावी म्हणजे आउटपुट पानापानाने थांबत नाही किंवा मध्येच तुटत नाही, खात्री विचारणे बंद करावे, वैयक्तिक सुरुवातीची फाइल वाचू देऊ नये, भाषेचा लोकेल सी ठेवावा, आणि डीबगइन्फोडी या डीबगची माहिती पुरवणाऱ्या सर्व्हरचा पत्ता असलेले परिसर-व्हेरिएबल काढून टाकावे, नाहीतर ‘डीबगइन्फोडी वापरू का’ या प्रश्नावर स्क्रिप्ट वेळ संपेपर्यंत खोळंबून राहते. डॉकरच्या वेगळ्या ठेवलेल्या परिसरात चालवताना स्मृतीतील पत्त्यांची यादृच्छिक मांडणी बंद करता आली नाही असा इशारा येऊ शकतो. तो इशारा अपयश मानला जाणार नाही अशी पॅटर्नची रचना ठेवावी.

थांब्याची ओळ साधारणपणे ‘कॅचपॉइंट १’, मग कंसात ‘कॉल टू सिसकॉल क्लोज’, आणि त्यानंतर पत्ता व फंक्शनचे नाव अशी येते. परतीच्या वेळी कंसात ‘रिटर्न्ड फ्रॉम सिसकॉल क्लोज’ असते. पत्ता आणि फंक्शनचे नाव यंत्रागणिक बदलते, म्हणून पॅटर्न त्यांवर विसंबून ठेवू नये. कंसातला मजकूर मात्र अक्षरशः जुळवावा. बंद होणारा कंस पॅटर्नमध्ये घेतलाच पाहिजे, कारण तो नसेल तर क्लोजसाठी लिहिलेला पॅटर्न क्लोज-रेंज या नव्या कॉललाही जुळेल आणि चुकीचा थांबा उत्तीर्ण ठरेल. कंसांना रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये वेगळा अर्थ असल्यामुळे त्यांच्याआधी उलटी तिरकी रेघ द्यायला विसरू नये.

कॅचपॉइंट नेहमी मेनवर पोहोचल्यानंतरच लावावा. तो आधी लावला, तर प्रोग्रॅमला लायब्ररी जोडून देणारा डायनॅमिक लोडर त्या लायब्ररी उघडताना आणि मिटताना जे क्लोज करतो तेही पकडले जातात, आणि त्यांची संख्या प्रत्येक वितरणात वेगळी असते.

दिशेची नोंद तपासणाऱ्या चाचण्या

सर्वांत साधी चाचणी अशी: क्लोजवर कॅचपॉइंट लावावा, ‘कंटिन्यू’ द्यावे, प्रवेश अपेक्षित करावा, पुन्हा ‘कंटिन्यू’ द्यावे, परतीचा थांबा अपेक्षित करावा. डीबगरने सांगितलेली दिशा खरी आहे का, हे इंटेल यंत्रांवर प्रोसेसरच्या रजिस्टरांवरून (आतल्या छोट्या साठवणीच्या जागांवरून) स्वतंत्रपणे ताडून पाहता येते. ६४-बिट इंटेलवर प्रवेशाच्या थांब्यावर कर्नलने आरएएक्स या रजिस्टरमध्ये उणे ३८ ठेवलेले असते आणि मागितलेल्या कॉलचा क्रमांक ओरिग-आरएएक्समध्ये असतो. क्लोजला उणे एक देऊन परत येताना आरएएक्समध्ये उणे ९, म्हणजे अवैध फाइल-क्रमांकाची त्रुटी, दिसते. ही दोन मूल्ये तपासणारी चाचणी डीबगरची नोंद उलटी झाली तर ताबडतोब पकडते. मला ही तपासणी शंभर साध्या ‘कंटिन्यू’पेक्षा मोलाची वाटते.

पुढची चाचणी पुन्हा सुरू करण्याची. क्लोजच्या प्रवेशावर थांबलेले असतानाच ‘रन’ द्यावे. नव्या प्रोसेसचा पहिला थांबा प्रवेशाचाच असला पाहिजे. जुन्या प्रोसेसची नोंद पुसली गेली नसेल तर डीबगर त्याला परतीचा म्हणेल. येथे लोडरचे क्लोज मध्ये येऊ नयेत म्हणून ‘रन’च्या आधी कॅचपॉइंट निष्क्रिय करून मेनवर तो पुन्हा सक्रिय करण्याचा मोह होतो, पण तसे करू नये, कारण निष्क्रिय करण्यानेच नोंद पुसली जाण्याची शक्यता असते आणि मग तपासायची गोष्टच निसटते. लोडरचा क्लोज पकडला गेला तरी या चाचणीला चालतो, कारण तिला फक्त पहिल्या थांब्याची दिशा हवी आहे.

तिसरी चाचणी परतीचा थांबा चुकवण्याची आहे. प्रवेशावर थांबल्यावर कॅचपॉइंट काढून टाकावा, पुढच्या एखाद्या ओळीवरच्या ब्रेकपॉइंटपर्यंत जावे, मग नव्याने कॅचपॉइंट लावून पुढच्या कॉलपर्यंत जावे. मधली परतीची घटना डीबगरने पाहिलेलीच नाही. तरीही नवा थांबा प्रवेशाचा म्हणूनच आला पाहिजे. वापरणारे लोक असेच वागतात, सरळ रांगेत आज्ञा देत नाहीत.

व्हीफोर्क ज्या यंत्रावर आहे तेथे त्याची चाचणी अवश्य घ्यावी. मूल प्रोसेस दुसरा प्रोग्रॅम सुरू करेपर्यंत किंवा संपेपर्यंत पालक कर्नलमध्येच अडकलेला असतो, म्हणजे पालकाचा प्रवेशाचा आणि परतीचा थांबा यांच्या मध्ये मुलाच्या जन्माची घटना येते. नेहमीच्या मांडणीत जीडीबी मुलाला सोडून देतो, म्हणून पालकाच्या नावावर एक प्रवेशाचा आणि एक परतीचा थांबा यायला हवा. प्रोग्रॅम संपवणाऱ्या एक्झिट-ग्रुपची गोष्ट उलट आहे: तो कॉल कधीच परतत नाही, त्यामुळे प्रवेशानंतर थेट प्रोग्रॅम संपल्याचा संदेश अपेक्षित करावा.

नकाराच्या बाजू

प्रोग्रॅम कधीच करणार नाही अशा कॉलवर, उदाहरणार्थ एमलॉकवर, कॅचपॉइंट लावून प्रोग्रॅम न थांबता शेवटपर्यंत गेला पाहिजे. अस्तित्वात नसलेले नाव दिल्यास जीडीबीने ते अनोळखी आहे असे सांगून आज्ञा नाकारली पाहिजे. अनोळखी क्रमांक दिल्यास मात्र इशारा देऊन कॅचपॉइंट लावला पाहिजे, कारण कर्नल डीबगरपेक्षा नवा असू शकतो. ६४-बिट इंटेलवर रीडचा क्रमांक शून्य आहे. शून्याला ‘काहीच नाही’ असे समजणारा कोड नेमका तेथे उघडा पडतो, म्हणून क्रमांकाने रीड पकडण्याची एक चाचणी ठेवावी.

एक्सएमएल फायली सापडत नसतानाचे वागणेही तपासावे. या फायली जिथून वाचल्या जातात त्या डेटा-डिरेक्टरीला अस्तित्वात नसलेला मार्ग दिला की जीडीबीने फाइल वाचता आली नसल्याचा इशारा द्यावा, नावे नाकारावीत, पण क्रमांकाने पकडणे चालू ठेवावे. एआरएम बोर्डवर काटछाट करून बसवलेल्या जीडीबीच्या बाबतीत ही स्थिती काल्पनिक नसते.

बोर्डवर प्रत्यक्ष प्रोग्रॅम जीडीबीसर्व्हर या जीडीबीच्या दूरस्थ जोडीदाराखाली चालत असेल, तर हाच संच दूरस्थ मार्गानेही चालवावा, कारण तेथे पकडायच्या कॉलची यादी क्यू-कॅचसिसकॉल्स या पॅकेटमधून पाठवली जाते आणि दिशेची नोंद सर्व्हरकडे असते, म्हणजे तपासला जाणारा कोड वेगळा असतो. डेजाग्नूला नेटिव्ह-जीडीबीसर्व्हर हा ‘बोर्ड’ (म्हणजे मांडणीची फाइल) सांगितला की प्रत्यक्ष बोर्डशिवाय लॅपटॉपवरही हा मार्ग चाचणीखाली येतो.

निकाल वाचताना जीडीबी-डॉट-सम या फायलीतील उत्तीर्णांच्या बेरजेवर समाधान मानू नये. आधार नसल्यामुळे सोडलेल्या आणि न चाललेल्या चाचण्या तेथे वेगळ्या नोंदवलेल्या असतात, आणि व्हीफोर्कची चाचणी ६४-बिट इंटेलवर सोडली गेलेली दिसली तर ते अपयशच समजावे. चाचण्यांची नावे एकमेव ठेवावीत आणि त्यांत फोल्डरचा मार्ग येऊ देऊ नये, म्हणजे ३२-बिट संगणक, लॅपटॉप आणि बोर्ड यांच्या सम फायली एकमेकींशी ओळीला ओळ लावून ताडता येतात. एखादी ओळ अनुत्तीर्ण दिसली की जीडीबी-डॉट-लॉगमध्ये त्या नावाच्या लगेच वर असलेला संवाद पाहावा. तेथे वेळ संपल्याची नोंद असेल, तर पॅटर्नला हात लावण्याआधी तीच आज्ञा त्या यंत्रावर हाताने देऊन पाहावी.