चार-पाचदा बटण दाबल्यावर सुरू होणारा डेस्कटॉप: दोष नेमका कुठे शोधायचा

सकाळी बटण दाबलं तर काहीच हलत नाही. दुसऱ्यांदा दाबलं तर पंखा थरथरून थांबतो. चौथ्या-पाचव्या वेळी मशीन सुरू होतं आणि मग रात्रीपर्यंत विनातक्रार चालतं. असा डेस्कटॉप दुकानात नेला की बहुतेक वेळा एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, बदलला जातो. पुष्कळदा ते बरोबरही असतं. पण हेच लक्षण ढिल्या प्लगमुळे, झिजलेल्या बटणामुळे किंवा वाकलेल्या यूएसबी पिनमुळेही दिसतं, आणि तेव्हा नव्या एसएमपीएसचे पैसे वाया जातात. साधा डिजिटल मल्टिमीटर हाताशी असेल तर आधी मोजावं आणि मगच खरेदी करावी.

बटण दाबल्यावर काय होतं

कॅबिनेटचं बटण वीज जोडत नाही, फक्त इशारा देतं. प्लग लावून मागचा स्विच चालू केला की मशीन बंद असतानाही एसएमपीएसमधला एक छोटा भाग जागा असतो. तो जांभळ्या वायरवरून मदरबोर्डला सतत ५ व्होल्ट पुरवतो. याला स्टँडबाय म्हणतात. बटण दाबलं की मदरबोर्ड हिरव्या वायरवरचा व्होल्टेज शून्याजवळ खेचतो आणि एसएमपीएसचा मुख्य भाग सुरू होतो. सगळे व्होल्टेज स्थिर झाल्यावर १०० ते ५०० मिलिसेकंदांत राखाडी वायरवर ‘पॉवर गुड’चे ५ व्होल्ट येतात. ते येईपर्यंत मदरबोर्ड प्रोसेसरला कामाला लागू देत नाही.

‘सुरू व्हायला त्रास’ म्हणजे या साखळीतला एखादा दुवा अशक्त झालेला असतो. पहिला संशय स्टँडबायवर घ्यावा, कारण प्लग चालू असेल तोवर तो भाग चोवीस तास राबतो. त्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधलं (वीज साठवणाऱ्या छोट्या नळकांड्यातलं) द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकत जातं. असा कपॅसिटर थंड असताना आणखी वाईट वागतो आणि थोडा तापला की कामापुरता सावरतो. म्हणून रात्री भिंतीवरच्या स्विचबोर्डावरून वीज बंद करणाऱ्यांना सकाळी त्रास होतो. एक रात्र स्विचबोर्डाचं बटण चालूच ठेवून पाहा. सकाळी मशीन पहिल्याच दाबाला सुरू झालं, तर कपॅसिटरवरचा संशय बराच पक्का होतो.

कॅबिनेट उघडण्याआधी

यूपीएस आणि एक्स्टेंशन बोर्ड बाजूला ठेवा आणि मशीन थेट भिंतीवरच्या सॉकेटला लावा. सॉकेटमध्ये प्लग हलत असेल, पिनवर काळा डाग असेल किंवा स्विचमधून चरचर आवाज येत असेल, तर सॉकेट आधी बदला. पॉवर केबल एसएमपीएसच्या बाजूला पूर्ण आत जाते ना, हेही दाबून पाहा. मॉनिटरची केबल तशीच असेल तर अदलाबदल करून बघता येते.

मीटर एसी व्होल्टवर ठेवून मोजलं तर सॉकेटच्या फेज-न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत. शेतीपंपांच्या वेळेत ग्रामीण भागात व्होल्टेज बराच खाली येतो, तेव्हा एसएमपीएसचं लेबल वाचा. १०० ते २४० लिहिलेला अशा वेळीही सुरू होतो, २०० ते २४० लिहिलेला अडखळू शकतो. जुन्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० असा लाल सरकता स्विच असतो. तो ११५ वर सरकवून कधीही चालू करू नका, एसएमपीएस फुटेल. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टांपेक्षा जास्त दिसले, किंवा कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर वायरमनला बोलवा. अर्थिंग नसलेल्या जागी पुढची तपासणी करू नये.

बटण आणि पुढचं पॅनल

प्लग काढा, बटण १५ सेकंद दाबून धरा म्हणजे आत साठलेली वीज निघून जाईल, आणि मग बाजूचं झाकण उघडा. मदरबोर्डच्या कोपऱ्यात बारीक वायरींचा जोड असतो. त्यातले पॉवर स्विचचे दोन पिन मदरबोर्डच्या पुस्तिकेत पाहून ओळखा. तिथला जोड काढा, रिसेट बटणाचा जोड तिथे लावा आणि प्लग लावून रिसेट बटणाने मशीन सुरू करून पाहा. स्विचला उलट-सुलट नसतं, त्यामुळे जोड कसाही बसला तरी चालतं. पहिल्याच दाबाला सुरू झालं तर दोष फक्त बटणात आहे. रिसेटलाच पॉवर बटण करून टाका, पैसा खर्च होणार नाही.

कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबी पोर्टमध्ये टॉर्चने पाहा. आतल्या पट्ट्या वाकून एकमेकींना किंवा बाहेरच्या पत्र्याला चिकटल्या असतील तर ५ व्होल्टची लाइन शॉर्ट होते आणि मशीन सुरू व्हायला नकार देतं. मदरबोर्डवरून पुढच्या यूएसबीची वायर काढून चाचणी घ्या. हा दोष फार जणांच्या नजरेतून सुटतो.

मल्टिमीटरने

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळा प्रोब कॅबिनेटच्या उघड्या स्क्रूला लावा. लाल प्रोब २४ पिनच्या मोठ्या जोडात वायरीच्या बाजूने, जोड न काढता आत सरकवा. दोन पिनांना एकदम टेकणार नाही याची काळजी घ्या.

मशीन बंद, प्लग चालू असताना जांभळ्या वायरवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवेत. आकडा कमी आला किंवा खाली-वर होत राहिला तर एसएमपीएस गेलेला समजा. आकडा ठीक आला तरी बटण दाबताना पुन्हा पाहा, कारण त्या क्षणी तो ४ च्या खाली घसरत असेल तरी निष्कर्ष तोच.

आता हिरवी वायर. मशीन बंद असताना तिथे ५ च्या जवळ काहीतरी दिसतं आणि बटण दाबल्यावर ते ०.८ च्या खाली जायला हवं. या एका मोजणीने निकाल लागतो. हिरवी खाली गेली आणि तरीही पंखे फिरले नाहीत, तर मदरबोर्डने आपलं काम केलं आहे, दोष एसएमपीएसमध्ये किंवा पुढच्या शॉर्टमध्ये आहे. हिरवी खालीच गेली नाही आणि जांभळी ठीक असेल, तर बटण किंवा मदरबोर्ड. मशीन चालू झाल्यावर पिवळी ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगी ३.१४ ते ३.४७ यांच्यात हवी.

बऱ्याच नव्या एसएमपीएसच्या सगळ्या वायरी काळ्या असतात, तेव्हा रंगाऐवजी पिन मोजा: जांभळी ९वी, हिरवी १६वी, राखाडी ८वी. काही ब्रँडेड ऑफिस डेस्कटॉपमध्ये २४ पिनचा जोडच नसतो, तिथे हा नकाशा लागू होत नाही.

हिरवी आणि काळी वायर पेपरक्लिपने जोडून एसएमपीएस सुरू करायची चाचणी प्रसिद्ध आहे. पंखा फिरला तर एसएमपीएस अगदीच मेलेला नाही, एवढंच त्यातून कळतं. भाराखाली तो टिकेल का, हे कळत नाही, म्हणून तिच्यावर विसंबून दुसरा पार्ट विकत घेऊ नका.

पंखा फिरून लगेच थांबत असेल

हे बहुधा एसएमपीएसचं संरक्षण आहे. कुठेतरी शॉर्ट आहे किंवा प्रवाह प्रमाणाबाहेर खेचला जातोय. अशा वेळी परत परत बटण दाबू नका. प्लग काढून मिनिटभर थांबल्याशिवाय बरेच एसएमपीएस पुन्हा सुरूच होत नाहीत. हार्ड डिस्क, एसएसडी, डीव्हीडी ड्राइव्ह, पुढचं पॅनल काढा. मदरबोर्डवर डिस्प्लेची सोय असेल तर ग्राफिक्स कार्डही काढा. प्रोसेसर, कूलर आणि एकच रॅम ठेवून सुरू करा, मग एकेक भाग परत जोडा. प्रोसेसरची वेगळी ४ किंवा ८ पिनची वायर घट्ट बसलेली हवी. तरीही थांबत असेल तर मदरबोर्ड कॅबिनेटमधून काढून पुठ्ठ्यावर ठेवा. नुकताच बसवलेला बोर्ड असेल तर खाली चुकीच्या जागी राहिलेला पितळी स्क्रूस्टँड (बोर्ड ज्यावर टेकतो तो खुंट) हे कारण असू शकतं.

पंखे फिरत राहतात पण पडदा काळा असेल, तर तो वेगळा आजार आहे. रॅम काढून सोनेरी कडा खोडरबरने हलक्या हाताने पुसा, भुगा झटका आणि प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये एकच रॅम लावा. कोकणात आणि गोव्यात दमट, खारट हवेने हे संपर्क लवकर काळवंडतात, पावसाळ्यानंतर ही तक्रार वाढते. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल २.७ व्होल्टांच्या खाली असेल तर बदला. डीडीआर५ या नव्या प्रकारच्या रॅमच्या मशीनला पहिल्या वेळी रॅम जुळवून घ्यायला काही मिनिटं लागतात, तेवढं थांबा.

एसएमपीएस बदलायचा ठरला तर

तो उघडून कपॅसिटर बदलायच्या मोहात पडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते टिकू शकतात. नवा घेताना खोक्यावरचे ‘४५० वॉट’ बाजूला ठेवा आणि लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर वाचा. तिथे १६ लिहिलं असेल तर प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डला खरे १९२ वॉटच मिळणार. साध्या ऑफिसच्या कामाला ते पुरतात, गेमिंगच्या ग्राफिक्स कार्डला नाही. मदरबोर्डवर प्रोसेसरभोवतीच्या कपॅसिटरांची टोपी फुगलेली किंवा तपकिरी चिकटा आलेला दिसला, तर मदरबोर्डही दुरुस्तीला द्या. नाहीतर नवा एसएमपीएस लावूनही तीच तक्रार परत येईल.