या चुका टाळा : लहान मुलांच्या हाताशी येणारे प्लग पॉइंट

वरच्या भोकात पेन खुपसून दोन पिनांचा चार्जर बसवणारी माणसे मला गोव्यात जाईन त्या सभागृहात दिसतात. सगळ्यांत वाईट सवय हीच. चांगल्या तीन पिनांच्या सॉकेटात फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी) यांच्या भोकांमागे झडप असते. वरची, अर्थिंगची म्हणजे गळकी वीज जमिनीत नेणारी पिन लांब, ती आधी आत जाते आणि झडप सरकवते. मुलांनी काही खुपसले तरी आत जाऊ नये म्हणून ती झडप. ती पेनाने कशी उघडायची, हे आपणच मुलांसमोर करून दाखवतो.

अंत्रुज महालातल्या (फोंडा भागातल्या) एका गावी समाजगृहात बालवाडी भरायची. गणेश चवथीला आठ दिवस असताना तिथल्या बाईंचा फोन आला, "दादा, आत्ताच्या आत्ता या." चार वर्षांच्या मुलीने मोठ्यांचे बघून वरच्या भोकात पेन घातले होते आणि खाली केसांची पिन. पावसाने ओल आलेली लादी, अनवाणी पाय. झटक्याने हात सुटला म्हणून पोर वाचली. बाई रडत एकच सांगत होत्या, बटण बंद होते. खरेच बंद होते. बोर्ड खोलला, तर बटण न्यूट्रलवर जोडलेले आणि फेज थेट सॉकेटात, म्हणजे बटण बंद असले तरी भोकात वीज. बटण बंद केले की चार्जर बंद व्हायचा, त्यामुळे कुणाला शंका आली नव्हती.

तेव्हापासून निऑनचे दोन दिवे असलेला तीन पिनांचा टेस्टर माझ्या पिशवीत कायम असतो. एक दिवा फेज-न्यूट्रलचा, दुसरा फेज-अर्थचा. बटण बंद केल्यावरही दुसरा पेटत राहिला, तर जोडणी उलटी आहे. बटण चालू असताना तो पेटलाच नाही, तर बहुधा अर्थिंगच नाही. दोन मिनिटांचे काम आहे. हाताखाली येणाऱ्या नव्या पोरांना तेवढाही धीर नसतो, पंखा फिरला की ती सामान आवरू लागतात. अशांना मी मुलांच्या जागी बोर्डाला हात लावू देत नाही.

"एमसीबी आहे ना?" हेही रोज ऐकतो. एमसीबी म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा खटका, ती वायर जळू नये म्हणून असते. १६ अँपिअरची एमसीबी ज्या प्रवाहाला हलणार नाही, त्याच्या शेकडो पटींनी कमी प्रवाह माणसाचा जीव घेतो. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज जमिनीत गळली की पडणारा खटका, बसवा आणि तिचे तपासणीचे 'टी' बटण दर महिन्याला दाबा, मी एक तारखेला दाबतो. पण मुलाने एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल दोन्ही धरले आणि प्रवाह जमिनीत गेला नाही, तर तीही पडत नाही. म्हणून झडप हवीच.

सॉकेटात खोचायच्या प्लास्टिकच्या टोपणांवर माझा विश्वास नाही. मूल ते उपटते, आणि टोपणाची पिनच झडप उघडी ठेवते. ब्रिटनमध्ये झडपेची सॉकेटे सगळीकडे आहेत, आणि तिथल्या आरोग्य खात्याने २०१६ मध्ये रुग्णालयांना ही टोपणे वापरू नका असे कळवले. त्या पैशांत बोर्ड साडेचार फुटांवर न्या.

काडेपेटीच्या काड्यांनी उघड्या वायरी सॉकेटात अडकवू नका, कितीही घाई असली तरी.

चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जमिनीत अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मेमध्ये कोरडा पडतो आणि अर्थिंग कमजोर होते, त्यात पाणी ओता.

जत्रेच्या नाटकाला मुले रंगमंचाला टेकून बसतात आणि एक्स्टेंशन बोर्ड तिथेच जमिनीवर असतो. तो मी खांबाला उंच बांधतो. नाटक सुरू झाले असले तरी आधी तो वर घेतो, मग खाली बसतो.