नवरात्राचा मोफत कागद आणि ईमेलची यादी: आहारतज्ज्ञांनी करायची तयारी

पेशंट पहिल्यांदा येतो, वजन-उंची होते, आहाराचा तक्ता घेऊन जातो आणि पुढच्या तारखेला फिरकत नाही. मराठवाड्यात आहार सल्ल्याचं काम करणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव आहे. कारणं खरी असतात. औसा किंवा गेवराईच्या खेड्यातून शहरात यायचं म्हणजे दिवस जातो, मजुरी बुडते, सोबतीला माणूस लागतो. अशा माणसाशी दोन भेटींच्या मधल्या काळात बोलत राहायला ईमेलची यादी उपयोगी पडते, आणि जे अजून आलेलेच नाहीत त्यांना तुमच्या कामाची ओळखही तिच्यातूनच होते. नाव नोंदवणाऱ्याला बदल्यात उपवासाच्या आहाराचा एक पानी कागद मोफत द्यायचा. यादी सुरू करायला नवरात्रासारखा मुहूर्त नाही. तुळजाभवानीच्या या मुलखात नऊ दिवसांचे उपवास घरोघर असतात आणि शुगर-बीपीची गोळी चालू असलेली माणसंही ते धरतात. घटस्थापनेच्या दोन महिने आधी, श्रावण लागता लागता, तयारीला बसा.

आधी बघायचं ते हे की आपल्याकडे मेल उघडतं कोण. अँड्रॉइड फोन घेतला की जीमेलचं खातं निघतंच, पण ते बऱ्याचदा मोबाइलच्या दुकानदारानं किंवा ई-सेवा केंद्रातल्या पोरानं काढून दिलेलं असतं. आयडी कुठल्यातरी चिठ्ठीवर, पासवर्ड त्या पोराच्या वहीत. असा आयडी यादीत आला तर नाव वाढतं, वाचणारा वाढत नाही. रोज मेल बघणारे लोक म्हणजे शिक्षक, प्राध्यापक, बँकेतले आणि सरकारी कार्यालयांतले कर्मचारी, जीएसटी भरणारे व्यापारी, लातूरला किंवा नांदेडला शिकवणीसाठी राहिलेली मुलं. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे पुण्याला, मुंबईला, हैदराबादला नोकरीला गेलेले लेक-लेकी, ज्यांचे आईवडील अंबाजोगाईला, सेलूला, कंधारला राहतात. आईची शुगर वाढली की पहिला फोन त्या लेकीचा येतो. यादीत नाव तिचं असेल आणि कागद तिच्या आईच्या स्वयंपाकघरात लागेल. म्हणून प्रत्येक मेल असा लिहा की तो फोनवर आईला वाचून दाखवता आला पाहिजे.

ऊसतोडीला जाणारी कुटुंबं या यादीत येणार नाहीत, हेही आत्ताच मान्य करा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. त्यातल्या ज्यांना सल्ल्याची सर्वात जास्त गरज आहे त्यांच्यापर्यंत मेल जात नाही. त्यासाठी आशाताई, अंगणवाडीताई यांच्याबरोबर गावात जाऊन बसावं लागतं. तयारीच्या वहीत त्या कामाचा वेळ वेगळा धरून ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅप असताना मेल कशाला, असं घरातलेच विचारतील. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि पाळीचा त्रास किंवा मूळव्याध तिथे कुणी बोलत नाही. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 च्या वर माणसं बसत नाहीत आणि ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला तो निरोप पोचतच नाही. मेल मात्र एकट्याला जातो, त्याला उलट उत्तर लिहिता येतं आणि पुढच्या वर्षी ‘उपवास’ असं शोधलं की तो सापडतो. व्हॉट्सअ‍ॅप राहू द्या, ‘उद्या 11 वाजता भेट आहे’ एवढ्यापुरतं.

आता मुख्य काम, मोफत काय द्यायचं. इथे सर्वात जास्त वेळ घाला. ‘निरोगी आहाराचे 50 मंत्र’ असलं पुस्तक कुणी उघडत नाही. एका माणसाची एक अडचण घ्या आणि ती एका पानात सोडवा. नवरात्राचं पान करायचं तर त्यावर मधुमेहाचा पेशंट सकाळपासून रात्रीपर्यंत काय खाईल ते येऊ द्या. साबुदाणा जवळपास निव्वळ पिष्ट आहे, प्रथिनं त्यात नसल्यातच जमा. नऊ दिवस दोन्ही वेळा खिचडी खाल्ली तर शुगर का चढते, हे दोन ओळींत सांगा. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, भगर मोजून आणि तिच्यासोबत दाण्याची आमटी, दही किंवा ताक, काकडीची कोशिंबीर, भोपळ्याची भाजी असं सुचवा. खिचडी हवीच असेल तर वाटी लहान, दाण्याचा कूट जास्त आणि बरोबर दही. पण गोष्टी भगर, राजगिरा, शेंगदाणा, ताक यांच्याच करा. क्विनोआ आणि चिया बिया लिहिल्या की हदगावच्या बाईला वाटतं, हा कागद आपला नव्हे.

त्याच पानावर, वरच्या बाजूला आणि ठळक, हे कुणासाठी नाही ते लिहा: इन्सुलिन घेणारे, किडनीचे पेशंट, गरोदर बायका, 18 वर्षांखालची मुलं. जे गोळ्या घेतात त्यांनी उपवासाआधी डॉक्टरांना विचारावं आणि डोस स्वतःच्या मनानं कमी-जास्त करू नये. हात थरथरले, दरदरून घाम आला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर साखर कमी झाल्याची शंका घेऊन लगेच साखरपाणी घ्यावं, उपवास तिथेच सोडावा आणि डॉक्टरांना कळवावं. हे वाक्य कागदावर नसेल तर कागद वाटू नका.

भाकरीचं मोजमाप हे दुसरं पान. आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, ‘मॅडम, भाकर बंद करू का?’ आणि पुस्तकातली भाकरी आपल्या चुलीवरच्या भाकरीएवढी नसते. तुमच्या ओळखीच्या चार-पाच घरी जाऊन एका भाकरीला किती पीठ लागतं ते काट्यावर तोला. पीठ परातीत घेतल्यावर, पाणी घालायच्या आधी. शहरातल्या फ्लॅटमधली पातळ भाकरी आणि वाड्यावरची जाडजूड भाकरी यांत केवढा फरक पडतो ते तुम्हाला स्वतःला दिसेल, आणि दोन्हींची चित्रं खऱ्या आकारात कागदावर छापता येतील. 100 ग्रॅम ज्वारीत साधारण 10 ग्रॅम प्रथिनं आणि चांगला चोथा असतो. त्यामुळे भाकरी बंद करायची गरज नाही, ती मोजायची आणि तिच्यासोबतचं वरण, अंबाडी, मेथी वाढवायची, हे त्या चित्राशेजारी सांगा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं ‘परभणी शक्ती’ हे लोह आणि जस्त जास्त असलेलं ज्वारीचं वाण दिलं आहे. शेतकरी घरातल्या वाचकाला ती ओळ जवळची वाटते. येसराची आमटी, जवसाची चटणी, कारळाची चटणी यांनाही जागा ठेवा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची 2024 ची 17 मार्गदर्शक सूत्रं हाताशी ठेवून प्रत्येक ओळ तपासा. दिवसाला मीठ 5 ग्रॅमच्या आत ही मर्यादा पापड, लोणचं, ठेचा खाणाऱ्या आपल्या माणसांना मोजून दाखवावी लागते.

वर्षभरासाठी अशी चार-पाच पानं पुरतात. हुरड्याच्या दिवसांत आणि वेळ अमावस्येला लातूर-धाराशिवकडे भज्जी, उंडे, आंबील, खीर यांचं जेवण शेतात होतं, त्या दिवशी काय आणि किती हे एक पान. एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर जातो आणि त्यातच लग्नाच्या पंगती उठतात, त्याचं एक. रिपोर्ट वाचायचं एक: एचबीए1सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी, 5.7 टक्क्यांच्या खाली ठीक, 5.7 ते 6.4 सावध व्हायची वेळ, 6.5 पासून पुढे मधुमेह, आणि नक्की निदान डॉक्टरच करतील. खानावळीच्या डब्यावर राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक.

वैयक्तिक आहार तक्ता मोफत देऊ नका. माणसाला न पाहता, औषधं न विचारता दिलेला तक्ता धोक्याचा असतो. फार तर दहा मिनिटांचा मोफत फोन ठेवा, आठवड्यातून एक दिवस, आणि त्यात फक्त ‘मी भेटायला यावं का’ या प्रश्नाचं उत्तर द्या.

कागदाची बांधणी. डीटीपीवाल्याकडे टाइप करून घेणार असाल तर युनिकोडमध्येच करून मागा. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर मेलमध्ये चिकटवला की अक्षरांचा चिवडा होतो. अक्षर मोठं ठेवा, चाळिशीचा चष्मा विसरलेल्यालाही वाचता यावं इतकं. रंगीत पार्श्वभूमी नको, कारण लोक झेरॉक्स काढतात आणि ती काळी येते. फाइल एक एमबीच्या आत. तळाला तुमचं नाव, पदवी, केंद्राचा पत्ता, कागद केल्याचा महिना आणि नाव नोंदवायचा क्यूआर कोड असू द्या. हा कागद व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे जाणारच आहे, जाऊ द्या. तो पंधराव्या माणसाकडे पोचला तरी त्याला तुमच्यापर्यंत यायची वाट सापडली पाहिजे.

नोंदणीच्या फॉर्ममध्ये नाव, ईमेल, तालुका आणि एकच प्रश्न: ‘घरात कुणासाठी माहिती हवी आहे?’ वजन, आजार, रिपोर्ट इथे विचारू नका. ते भेटीत विचारायचं असतं, आणि जी माहिती घेतली ती जपायची जबाबदारी आपली होते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोख स्पष्ट आहे: संमती मोकळेपणी दिलेली आणि नेमक्या कामासाठी हवी, आणि ती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. म्हणून फॉर्मवर मराठीत लिहा, ‘सुरुवातीला तीन मेल येतील, नंतर महिन्यातून दोन. नको झाले तर एका क्लिकवर बंद करता येतील. तुमचा ईमेल कुणालाही दिला जाणार नाही.’ त्यापुढचा चौकोन रिकामा ठेवा, टिक त्या माणसानं स्वतः करायची. पॅथॉलॉजी लॅबमधून किंवा मेडिकलवाल्याकडून पेशंटची नावं घेणं, शिबिराच्या रजिस्टरमधले आयडी परस्पर यादीत टाकणं, विकतची यादी घेणं, यातलं काहीही करू नका. आजाराच्या गोष्टीत विश्वास एकदा गेला की गावभर जातो.

पाठवण्याची सोय. स्वतःच्या जीमेलवरून सगळ्यांना एकदम सीसीत टाकून मेल पाठवला तर प्रत्येक पेशंटला बाकीच्यांचे आयडी दिसतात, तेव्हा ते अजिबात नको. मेलरलाइट, ब्रेवो, मेलचिम्प यांपैकी, यादीतल्या प्रत्येकाला वेगळा मेल पाठवणारी एखादी सेवा घ्या. सुरुवातीच्या छोट्या यादीला त्यांची मोफत योजना चालते, अटी मात्र खातं उघडायच्या दिवशी वाचून घ्या. स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, घ्या आणि मेल खरंच तुमच्याकडूनच आला हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तीन नोंदी कुणा जाणकाराकडून करून घ्या. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल आणि याहूनं मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना त्या बंधनकारक केल्या, पण छोट्या यादीचे मेलही त्यांच्यामुळे स्पॅममध्ये जायचे वाचतात. आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. 102 केबीच्या पुढचा मेल जीमेल कापून दाखवतं, आणि देवनागरीचं एक अक्षर युनिकोडमध्ये इंग्रजी अक्षराच्या तिप्पट जागा घेतं. मजकूर लांबला, त्यात सजावटीचा साचा भारी घेतला, तर तळाची ‘मेल बंद करा’ ही लिंकच दिसेनाशी होते. मेल लहान ठेवा.

नाव आल्यावर पुष्टीचा मेल जाईल अशी व्यवस्था ठेवा. त्यातलं बटण दाबल्यावरच नाव पक्कं. चुकीचे आणि दुसऱ्याच्या पासवर्डचे आयडी इथेच गळतात. केंद्रात आलेल्या माणसाकडून हे समोरच करून घ्यावं. रिसेप्शनवरच्या ताईंनी त्याचा फोन त्याच्याच हातात ठेवून सांगायचं, ‘काका, जीमेल उघडा, ते प्रमोशन्स लिहिलंय तिथे बघा, आमचा मेल आलाय का?’ तो मुख्य इनबॉक्समध्ये हलवायला शिकवायचं. वहीत आयडी लिहून घेऊ नका. डॉट, अंडरस्कोर आणि जन्मसाल यांत हमखास घोळ होतो.

पहिले तीन मेल आधीच लिहून ठेवा. पहिल्यात फक्त कागद आणि तुमची चार ओळींची ओळख. दोन-तीन दिवसांनी दुसरा: कागदातली सर्वात अवघड वाटणारी गोष्ट नीट समजावणारा, जसं राजगिऱ्याची भाकरी थापताना तुटते तेव्हा पीठ गरम पाण्यात मळावं आणि त्यात उकडलेला बटाटा थोडा घालावा, पण बटाट्यानं पिष्ट वाढतं तेव्हा मधुमेह्यानं तो लिंबाएवढाच घ्यावा. तिसऱ्यात एक प्रश्न विचारा, ‘तुमच्या घरी उपवासाला काय होतं?’ आणि भेटीची वेळ कशी घ्यायची, फी किती, हे सरळ लिहा. फी लपवली की लोक विचारायला संकोचतात आणि येत नाहीत.

क्यूआर कोडचे कागद लावायच्या जागा ठरवा: तुमचं केंद्र, परवानगी देणाऱ्या डॉक्टरांची ओपीडी, भगर-राजगिरा विकणारं किराणा दुकान, अभ्यासिका, महिला मंडळाचा हळदीकुंकवाचा कार्यक्रम. जाहिरातीच्या ओळीत ‘शुगर मुळापासून बरी’ असं कुठेही येऊ देऊ नका. ज्या आजारांवर औषधाची जाहिरात करायला 1954 च्या औषध व जादुई उपचार कायद्यानं मनाई आहे, त्यांच्या यादीत मधुमेह आणि लठ्ठपणा दोन्ही आहेत. पावडर-चूर्ण विकणारा कुणी ‘आपण मिळून जाहिरात करू’ म्हणाला तर आधी तो कायदा वाचा, आणि मग नाही म्हणा.

शेवटी उत्तरांची व्यवस्था. तिसऱ्या मेलला उत्तरं येतील आणि त्यांत रिपोर्टचे फोटोही येतील. ते कोण वाचणार, किती दिवसांत उत्तर जाणार, फोटो कुठे ठेवणार आणि कधी पुसणार, हे रिसेप्शनवरच्या ताईंबरोबर बसून लिहून काढा. उपवासात चक्कर आल्याचा मेल रात्री आला तर तो सकाळपर्यंत कुणी पाहणार नाही. म्हणून प्रत्येक मेलच्या तळाशी ‘तातडीचा त्रास असेल तर मेल करू नका, जवळच्या दवाखान्यात जा किंवा 108 ला फोन करा’ ही ओळ कायमची टाकून ठेवा. हे सगळं झालं की एखाद्या जुन्या, स्क्रीनला तडा गेलेल्या फोनवर, गावातल्या कमी रेंजमध्ये, स्वतः नाव नोंदवून कागद उतरवून बघा. उतरला तर घटस्थापनेच्या पंधरा दिवस आधी यादी खुली करा.