गोदामातील मदतनिसाचा पगार: गाव बदलले की काय बदलते

निलंग्यातील एका दुकानात माल भरण्याचे काम मी वर्षभर केले, त्यानंतर लातूर शहरात एका कापड व्यापाऱ्याच्या गोदामात दीड वर्ष काढले आणि मग भिवंडीजवळच्या गोदामांत चार वर्षे नोकरी केली. माल उतरवणे, मोजणे, बांधणे आणि फळीवर लावणे हे काम तिन्ही ठिकाणी जवळपास सारखेच होते. पगार मात्र दर वेळी वेगळा होता आणि तो वेगळा का आहे, हे मला कोणीही समजावून सांगितले नाही. या कामात नव्याने शिरणाऱ्यांना ते आधीच कळावे, म्हणून हे लिहीत आहे.

१९४८ च्या किमान वेतन अधिनियमापासून चालत आलेल्या पद्धतीनुसार राज्य शासन प्रत्येक प्रकारच्या उद्योगासाठी स्वतंत्र अधिसूचना काढून किमान दर ठरवते. महाराष्ट्रात या दरांसाठी परिमंडळे पाडलेली आहेत. दुकाने व व्यापारी आस्थापनांच्या बाबतीत ढोबळमानाने महानगरपालिकांची क्षेत्रे पहिल्या, म्हणजे सर्वांत जास्त दराच्या परिमंडळात, नगरपरिषदांची दुसऱ्यात आणि उरलेला भाग तिसऱ्यात येतो. इतर उद्योगांच्या अधिसूचनांत ही विभागणी थोडी निराळी असू शकते, म्हणून आपल्या उद्योगाचीच अधिसूचना पाहावी. मूळ दरावर महागाई निर्देशांकाशी जोडलेला विशेष भत्ता मिळतो आणि तो जानेवारी व जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो. या दोन महिन्यांनंतरच्या पगारपत्रकात काहीच हलले नसेल, तर विचारणा करण्यास हरकत नाही.

आता यातली गंमत पाहा. लातूरची महानगरपालिका २०११ साली झाली, त्यामुळे लातूर शहरातील दुकानात काम करणाऱ्या मदतनिसाचा कायदेशीर किमान दर मुंबईतील त्याच दर्जाच्या (अकुशल, अर्धकुशल किंवा कुशल) मदतनिसाइतकाच असतो. मी लातूरमध्ये होतो तेव्हा मला हे ठाऊक नव्हते; मालकालाही ठाऊक नसावे, किंवा असावे. मला त्या दरापेक्षा बरेच कमी मिळत होते, आणि ‘इकडे हाच भाव आहे’ एवढ्या उत्तरावर मी गप्प बसत असे. याउलट भिवंडीतील बरीच मोठी गोदामे महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर, काल्हेर, पूर्णा, राहनाळ अशा गावांत पसरलेली आहेत. हद्दीवरून ठरणाऱ्या परिमंडळात ही गावे लातूरच्या खाली जातात, पण तिथल्या खोलीचे भाडे ठाण्याशी स्पर्धा करते. प्रत्यक्ष पगार तिथे जास्त मिळतो तो अधिसूचनेमुळे नव्हे. शेजारच्या फाटकावर दुसरा कंत्राटदार माणसे शोधत उभा असतो आणि सणांच्या आधीच्या दोन महिन्यांत तर माणूस टिकवण्यासाठी दर आपोआप वर सरकतो.

परिमंडळ ठरते ते कामाच्या जागेवरून. कंत्राटदाराचे कार्यालय कुठे आहे किंवा आपले गाव कोणते, याचा त्याच्याशी संबंध नाही.

राज्याबाहेर पाहिले, तर हा फरक आणखी मोठा दिसतो. रोजगार हमीच्या मजुरीचे उदाहरण घ्या: २०२४-२५ मध्ये केंद्राने जाहीर केलेला दिवसाचा दर हरियाणात ३७४ रुपये, महाराष्ट्रात २९७ रुपये आणि मध्य प्रदेशात २४३ रुपये होता. गोदामात माझ्या पाळीतले निम्मे सहकारी उत्तरेकडून आलेले होते आणि त्यांच्या तुलनेचा आधार त्यांच्या गावाकडची मजुरी हाच होता. मला अपुरा वाटणारा पगार त्यांना पुरेसा का वाटतो, हे मला त्यांच्याशी बोलल्यावर उमगले.

भिवंडीत पहिल्याच आठवड्यात मी जी चूक केली, तिच्याविषयी मात्र सविस्तर सांगितले पाहिजे. माझ्यापुढे दोन कामे होती. एकात महिना अठरा हजार रुपये आणि दुसऱ्यात चौदा हजार. मी अर्थातच अठरा हजारांचे घेतले. ती ड्युटी बारा तासांची आणि महिन्याचे तीसही दिवस होती, म्हणजे ३६० तास. ताशी पन्नास रुपये. दुसरे काम आठ तासांचे, सव्वीस दिवसांचे, म्हणजे २०८ तासांचे होते आणि तिथे ताशी सदुसष्ट रुपयांच्या आसपास पडत होते. जादा तासांना दुप्पट दर द्यावा लागतो, तो अठरा हजारांत मुकाट्याने गिळला गेला होता. शिवाय पहिल्या ठिकाणी भविष्य निर्वाह निधी नव्हता, त्यामुळे हातात येणारी रक्कम भरघोस दिसे. दुसऱ्या ठिकाणी चौदा हजारांतून निधीचे बारा टक्के म्हणजे १,६८० रुपये, आजारपणात व कामावरच्या अपघातात आधार देणाऱ्या कर्मचारी राज्य विम्याचे पाऊण टक्का म्हणजे १०५ रुपये आणि व्यवसाय कराचे २०० रुपये वजा होऊन १२,०१५ रुपये मिळाले असते. (महिलांना पंचवीस हजारांपर्यंतच्या पगारावर हा व्यवसाय कर नाही.) पण निधीत मालकाचीही भर पडते, आणि पायावर खोके पडून मी तीन आठवडे घरी बसलो तेव्हा राज्य विमा असता तर काय झाले असते, याचा हिशेब मी खोलीत पडल्या पडल्या पुरेपूर केला.

म्हणून दोन गावांतील पगारांची तुलना करताना मी आता आधी तास मोजतो, मग कपात पाहतो आणि शेवटी भाडे व येण्याजाण्याचा खर्च वजा करतो. निलंग्यात मी घरी राहत होतो. भिवंडीत सहा जणांच्या खोलीतील माझा वाटा आणि खानावळ भागवल्यावर जी शिल्लक उरे, ती निलंग्याच्या शिल्लकीपेक्षा जास्त होती, पण पगारांतील फरक पाहून वाटावी तितकी मुळीच नव्हती. घरून ये-जा करता येईल असे काम जिल्ह्याच्या ठिकाणी किमान दराने मिळत असेल, तर ते आधी तपासावे, असे माझे मत आहे.

दर्जाकडेही लक्ष द्यावे. स्कॅनर चालवू लागलेल्या किंवा साठ्याची नोंद ठेवणाऱ्या माणसाला अकुशल म्हणूनच दाखवत राहण्याची कंत्राटदारांना सवय असते. परिमंडळ बदलल्याने जेवढा फरक पडतो, जवळपास तेवढाच फरक दर्जा बदलल्यानेही पडतो.

कंत्राटदाराने पगार थकवला किंवा कमी दिला, तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे ज्याच्या गोदामात आपण राबतो त्याच्यावर येते. माझे एकदा अकरा दिवस हजेरीतून गळाले होते. मी रोज पाळी संपताना मस्टरच्या पानाचा फोटो काढून ठेवत असे. ते फोटो घेऊन गोदामाच्या व्यवस्थापकाकडे गेलो आणि पुढच्या पगारात त्या अकरा दिवसांचे पैसे जमा झाले.